मेथीचा घोळाना करताना पाने किती धुवावीत?

पूर्णाकाठची (दर्यापूर):
हिवाळ्यात आमच्याकडे झुणका-भाकरीसोबत मेथीचा घोळाना, म्हणजे कच्च्या मेथीची कोशिंबीर, ठरलेला असतो. मागच्या बाजारात मात्र एक विक्रेता मेथीच्या आणि सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून नाल्याच्या पाण्यात बुचकळून काढताना मी स्वतः पाहिला, आणि तेव्हापासून कच्ची भाजी खाण्याची इच्छाच उरली नाही. मिठाच्या पाण्यात ठेवली की जंतू मरतात, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. जाऊबाईंना सहावा महिना सुरू आहे, म्हणून विचारते की तेवढे पुरेसे आहे काय?

जंतुशास्त्राचा मास्तर (अकोला):
ताई, मिठाच्या पाण्याने अळ्या आणि मावा सुटतो. जंतूंचा भरवसा देता येत नाही. तेवढ्या मिठाने ते मरत असते, तर आपल्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणीच खारट, कोणाला हगवण लागलीच नसती. जंतू पानांच्या सूक्ष्म छिद्रांत आणि खुडलेल्या कडांत शिरतात व चिकट थर करून बसतात, त्यामुळे धुण्याने त्यांची संख्या बरीच घटते, पण शून्य होत नाही. 2011 मध्ये जर्मनीत मोड आलेले दाणे कच्चे खाल्ल्याने सुमारे 4000 लोक आजारी पडले आणि 50 हून अधिक दगावले. तपासाअंती संशय इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांवर गेला. मोडाच्या उबदार ओलाव्यात जंतू झपाट्याने वाढतात, तसे पानांवर होत नाही हे खरे. तरीही कच्चे खाण्यातला धोका दोन्हीकडे आहे. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते, तेव्हा जाऊबाईंना भाजी शिजवूनच द्यावी. आतपर्यंत 70 अंश सेल्सिअस उष्णता दोन मिनिटे मिळाली, की बहुतेक रोगजंतू मरतात.

मळेवाला (अचलपूर):
मी पालक आणि मेथी लावतो, म्हणून सांगतो की सगळा दोष बाजाराच्या माथी मारू नये. पुष्कळदा घाण वावरातूनच येते. उकिरड्यावरचे अर्धे कच्चे शेणखत वाफ्यात टाकले, तर जनावरांच्या पोटातले जंतू थेट पानापर्यंत पोचतात. ढीग आतून 55 अंशांपर्यंत तापला आणि वरचेवर पलटला गेला, तरच ते मरतात. राहिला प्रश्न नाल्याचा. ज्या बाजारात नळच नाही, तिथे विक्रेत्याने भाजी कशावर शिंपडावी? मी घरून विहिरीचे पाणी कॅनमध्ये नेतो, पण दुपारपर्यंत तेही संपते.

पूर्णाकाठची (दर्यापूर):
दादा, तुमची अडचण पटली. सर, बाकीच्यांसाठी घोळाना करायचाच झाला, तर मेथी धुवावी कशी?

जंतुशास्त्राचा मास्तर (अकोला):
आधी जुडी सोडून मुळे आणि सडकी पाने काढावीत, आणि चिरण्यापूर्वीच तीन-चार पाण्यांतून धुवावी. शेवटचे पाणी उकळून थंड केलेले असावे. विळी मात्र आधी घासून घ्या, कारण पुष्कळ घरांत ती भाजीनंतरच धुतली जाते.