प्री-सेशनल म्हणजे लूट? बरं. पण मग पहिल्या असाइनमेंटला फीडबॅक काय आला ते पण सांगा

चष्मिश मास्तरीण
काल इथे 'खर्चात पडलेला' यांनी लिहिलं की ब्रिटनमध्ये मास्टर्सच्या आधी जो प्री-सेशनल इंग्लिशचा कोर्स गळ्यात मारतात तो निव्वळ पैसे उकळायचा धंदा आहे. केजीपासून इंग्लिश मीडियम, बीई इंग्लिशमध्ये, आणि आता हे आम्हाला पॅराग्राफ लिहायला शिकवणार, अशा अर्थाचं बरंच काही. खाली अंगठ्यांची रांग. मी तिथेच दोन ओळी लिहायला बसले होते, त्याच्या दोन पानं झाली म्हणून वेगळा धागा.

मी गेले नऊ उन्हाळे हेच शिकवतेय. वर्गात सोळा डोकी, त्यात बारा-तेरा चिनी, एखादी थाय, एखादा सौदी आणि वर्षाआड एखादा आपला. आपला असला की मी मनात म्हणते, आलं संकट. कारण त्या चिनी पोरीला पक्कं माहीत असतं की आपल्याला काहीतरी शिकायचंय. आपल्याला इंग्लिश येतं ना! फडाफड बोलतो, वर्गात सगळ्यात आधी हात वर, आणि निबंध हातात घेतला की पहिलं वाक्य "इन दिस मॉडर्न एरा". मी विचारते, हे कोण म्हणतंय? उत्तर, "मॅम, इट इज अ फॅक्ट."

अहो हा इंग्रजीचा कोर्स नाहीच. हवं तर नाव चुकलंय म्हणा. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत टास्क टू नावाच्या निबंधात ४० मिनिटांत २५० शब्द लिहायचे असतात, म्युझियमला तिकीट असावं का नसावं, तुमचं मत द्या. एक ओळही न वाचता मत. मास्टर्सला पहिल्याच टर्ममध्ये ३००० शब्द मागतात आणि तिथे तुमचं नुसतं मत कोणी विचारत नाही. दहा-पंधरा पेपर वाचा, त्यात कोण कोणाशी भांडतंय ते बघा, कोणाचा पुरावा लंगडा आहे ते दाखवा, आणि मग तुम्ही कुठे उभे आहात ते सांगा. जॉन स्वेल्स नावाच्या माणसाने १९९० मध्ये पेपरच्या प्रस्तावनेचा सांगाडा मांडला, तो मी वर्गात असा सांगते: आधी शेत दाखवा, मग त्यात न नांगरलेला तुकडा दाखवा, मग तिथे नांगर घाला. आपली पोरं थेट नांगर घेऊन पळत सुटतात, शेत कोणाचं याचा पत्ता नाही.

तेव्हा लूट म्हणा, पण काय शिकवलं ते कळलं नाही म्हणून लूट म्हणू नका.

खर्चात पडलेला
आला का राग. बाई, तुम्हाला पगार मिळतो, मला बिल मिळालं. आयेल्ट्स ओव्हरऑल ६ बँड, रायटिंग ५.५. हवं होतं ६.५, कुठल्याच मॉड्यूलमध्ये ६ च्या खाली नको. म्हणून दहा आठवडे. साडेचार हजार पाउंड फी, राहणं वेगळं, बाबांनी पावणेसात लाख वरचे काढले आणि मी तिथे बसून "हाऊएव्हर" च्या आधी फुलस्टॉप की सेमीकोलन हे शिकलो. मला दुसऱ्यांदा परीक्षा द्यायला सतरा-अठरा हजारच लागले असते, पण एजंट म्हणाला कशाला रिस्क, ऑफर जाईल. त्या एजंटला कमिशन मिळतं हे मला नंतर कळलं. माझा पॉइंट साधा आहे, अर्ध्या बँडसाठी एवढे पैसे घेणारी जी युनिव्हर्सिटी स्वतःच मला अॅडमिशन देते, तिला मी खरंच कच्चा वाटत असेन तर घेऊ नये ना. सीटही भरायची आणि वरून दक्षिणाही.

आणि ते शेत-नांगर वगैरे तिथे बसून बोलायला छान आहे.

सरळसोट
+१. सगळी साखळीच आहे ही. परीक्षा घेणारे तेच, क्लास घेणारे त्यांचेच भाऊबंद. २०२१ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने भारतातला आयेल्ट्सचा कारभार आयडीपी या ऑस्ट्रेलियन कंपनीला १३ कोटी पाउंडांना विकला. विकला! परीक्षा विकतात कधी? धंदा विकतात. आणि २०१४ चं टोइक या व्हिसासाठीच्या इंग्रजी परीक्षेचं प्रकरण आठवतं का कोणाला? बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने लपवून कॅमेरे नेले, एक-दोन सेंटरवरची लबाडी दाखवली, आणि मग ती परीक्षा घेणाऱ्या ईटीएसने तपासलेल्यातल्या ९७ टक्के टेस्ट संशयास्पद ठरवल्या. ९७! हजारो पोरांचे व्हिसे गेले, कित्येक जण पुढे वर्षानुवर्षं कोर्टात भांडून सुटले. इंग्रजी येतं का हे ठरवायची यांची ही पद्धत. आणि मास्तरीणबाई गोऱ्यांची तळी उचलतायत.

चष्मिश मास्तरीण
तळी मी फक्त जेजुरीला उचलते. टोइकमध्ये अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य, पण तो गृहखात्याचा आणि परीक्षेचा प्रश्न, माझ्या वर्गाचा काय संबंध? उलट तोच माझा मुद्दा आहे, दोन-तीन तासांच्या परीक्षेपेक्षा दहा आठवडे पोराला लिहिताना बघणं जास्त खरं.

खर्चात पडलेला, तुम्ही फीडबॅकचं उत्तर दिलं नाहीत.

मिरजेची सिस्टर
परीक्षेचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या. मी नर्स आहे, युकेत. एनएमसीला, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलला, पूर्वी आयेल्ट्सच्या चारही मॉड्यूलमध्ये ७ लागायचे, २०१८ च्या शेवटी रायटिंगचं ६.५ केलं. मी त्याच्या आधीची. रायटिंग ६.५, ६.५, ६, ६.५. चार वेळा. पंधरा वर्षं आयसीयूत काढलेली बाई मी, आणि मला विचारतात अंतराळ संशोधनावर पैसा खर्च करावा का. माझ्या पेशंटला माझं अंतराळाबद्दलचं मत नकोय हो, त्याला हॅंडओव्हर नीट लिहिलेला हवाय. शेवटी ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिली, त्यात केस नोट्स देतात आणि डिस्चार्जचं लेटर लिहायला सांगतात, पहिल्या फटक्यात पास. तेव्हा मला तुमचं म्हणणं पटतं ताई, की कामाचं लिखाण वेगळं असतं. पण मग ते कामाचं शिकवा. सहा आठवडे ग्लोबल वॉर्मिंगवर निबंध नको.

घाटकोपरचा घाट्या
थांबा थांबा. ते "मॅम इट इज अ फॅक्ट" वाचून चहा नाकातून आला. अहो आपण चार वर्षं काय करतो इंजिनियरिंगला? जर्नल उतरवतो. एम, अॅपॅरेटस, थिअरी, प्रोसीजर, आणि कन्क्लूजन: "हेन्स वी हॅव सक्सेसफुली स्टडीड अँड इम्प्लिमेंटेड." आमच्या कॉलेजात एकाचं प्रॅक्टिकलच झालं नव्हतं, मशीन बंद होतं सहा महिने, तरी सगळ्या बॅचने सक्सेसफुली स्टडीड लिहून सही घेतली. मग तिकडे जाऊन पोरगं ओरिजिनल विचार कुठून काढणार, झाडावरून?

आणि जीटी विसरलात का!! दोन स्टुलांवर काच, खाली टेबल लॅम्प, वर मित्राची ड्रॉइंगची शीट, त्यावर आपली. रात्री तीनला लाइट गेली की अख्खं हॉस्टेल ओरडायचं.

कर्वे रोड
जीटीला नावं ठेवू नका. ग्लास ट्रेसिंग ही कला आहे. लाइन थिकनेस वेगळी ठेवायची, डायमेन्शनचे बाण थोडे हलवायचे, नाहीतर सर पकडतात. आमच्याकडे जो पहिली शीट काढायचा त्याला 'ओरिजिनल' म्हणायचे, परीक्षेच्या आधी त्याची इतकी बडदास्त की जावयाची पण होत नसेल.

घाटकोपरचा घाट्या
ओरिजिनलची शीट जीटीची जीटी होत होत बॅचमधल्या साठाव्या पोराकडे पोचेपर्यंत आयसोमेट्रिकचा कप-बशी झालेला असायचा 😂

निवृत्त हेडमास्तर
विनोद पुरे. मी पस्तीस वर्षं मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवलं, मला या चेष्टेत एक गोष्ट खटकते. उतरवणं म्हणजे चोरी हे तुम्ही गृहीतच धरलंय. आमच्या हाताला वळण आलं ते कित्ता गिरवून. मोरोपंतांच्या आर्या पाठ केल्या तेव्हा अर्थ कळत नव्हता, चाळिशीत एक दिवस बसमध्ये उभं असताना कळला. दुसऱ्याचं चांगलं वाक्य शंभरदा लिहिल्याशिवाय स्वतःचं चांगलं वाक्य येत नाही. इंग्रज लोकांनी त्याला प्लेजियरिझम असं भयंकर नाव दिलं आणि सॉफ्टवेअर लावलं. आधी गिरवू द्या, मग लिहू द्या.

सरळसोट
काका, कित्ता आणि जीटी एक नाही. तुमच्या पिढीनेच 'उत्तर गाइडात आहे तसंच लिही, नाहीतर मार्क कापेन' हे शिकवलं. माझ्या आठवीच्या बाईंनी माझं स्वतःच्या शब्दातलं उत्तर वर्गात वाचून दाखवलं, हसण्यासाठी. बरोबर होतं उत्तर. त्यानंतर बारावीपर्यंत मी एकही वाक्य स्वतःचं लिहिलं नाही आणि बोर्डात मराठीला ८८ पडले.

निवृत्त हेडमास्तर
सगळे शिक्षक तसे नव्हते. पण तसे होते, हे नाकारत नाही. साठ वह्या एका रात्रीत तपासून बघा एकदा, मग बोलू.

चष्मिश मास्तरीण
सर, नमस्कार. तुम्हाला आश्चर्य वाटेल पण आमच्या धंद्यात बरेच जण तुमच्याच बाजूचे आहेत. पोरगं मूळ वाक्य घेतं, तीन शब्द बदलतं, कर्ता-कर्म इकडचं तिकडे करतं, याला पॅचरायटिंग म्हणतात, आणि ती चोरी नाही, शिकण्यातली पायरी आहे असं मानणारे खूप आहेत. आमच्याकडे ८ व्या आठवड्यापर्यंत सगळे तेच करत असतात. कॉक्सहेड बाईंनी २००० साली अॅकॅडेमिक शब्दांची यादी केली, ५७० शब्दकुळं, म्हणजे एक शब्द आणि त्याची भावंडं, मी ती पोरांना चक्क गिरवायला लावते. फक्त गिरवताना वर कोणाचा कित्ता आहे ते लिहायचं, एवढंच मागणं. जीटीवाला ते खोडतो, बाण हलवतो. कर्वे रोड यांनी स्वतःच कबूल केलंय 🙂

कर्वे रोड
मराठीत सोपं आहे. वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लावायचं. "तापमान वाढतंय म्हणे." झालं रेफरन्सिंग.

घाटकोपरचा घाट्या
आडनाव, कंसात साल, म्हणे.

खर्चात पडलेला
सगळ्यांची करमणूक झाली असेल तर मी बोलू का? पैसे माझे गेलेत, जीटी तुमची चाललीये.

मास्तरीणबाई, तुम्ही स्वतःबद्दल बोला ना. तुमचं कॉन्ट्रॅक्ट किती दिवसांचं असतं? मला ज्यांनी शिकवलं त्या मॅडम जूनमध्ये आल्या, ऑगस्टच्या शेवटी गेल्या, सप्टेंबरमध्ये मी डिपार्टमेंटमध्ये गेलो तर माझ्या प्रोफेसरला त्या कोण हेही माहीत नव्हतं. मी पब्लिक हेल्थवाला, आमच्या गटात फायनान्सवाले, आर्किटेक्चरवाली, एक संगीतवाली. सगळ्यांना मिळून एकच विषय, प्लास्टिक बंदी. सिस्टरताई बोलल्या तेच. हे कसलं अॅकॅडेमिक?

चष्मिश मास्तरीण
ही दुखरी नस दाबलीत. माझं कॉन्ट्रॅक्ट अकरा आठवड्यांचं, दर मे महिन्यात मेल येते की यंदा नंबर कमी आहेत, बघू. एका वर्षी वर्ग सुरू व्हायच्या चार दिवस आधी नको म्हणाले, घराचं भाडं भरून बसले होते मी. डिपार्टमेंटवाले आम्हाला ओळखत नाहीत हे खरं. विषयवार वर्ग काही ठिकाणी करतात, आम्ही मागितले तर टाइमटेबल बसत नाही म्हणाले. आमची बीएएलईएपी नावाची संघटना १९७२ पासून आहे, तेव्हा नाव वेगळं होतं. पन्नास वर्षं आम्ही हेच सांगतोय की आम्हाला दुरुस्तीचं वर्कशॉप समजू नका, पण समजतात. तेव्हा कोर्स कसा चालवतात यावर तुम्ही बोला, मी टाळ्या वाजवीन. कोर्सची गरजच नाही म्हणालात तिथे अडले.

आणि फीडबॅक राहिलाच.

खर्चात पडलेला
सोडणार नाही ना तुम्ही. शंभरात ५८. "टू डिस्क्रिप्टिव्ह, नॉट क्रिटिकल इनफ." खूश?

घाटकोपरचा घाट्या
हेन्स वी हॅव सक्सेसफुली स्टडीड.

खर्चात पडलेला
गप रे. पुढचं ऐका आता. माझ्या शेजारी बसणारा, दिल्लीचा, आयेल्ट्स ७.५, प्री-सेशनल नाही केलेलं. त्याला ५६ आणि शब्दाला शब्द तीच कमेंट. बाजूची इंग्लिश मुलगी, तिकडचीच, जन्मापासून इंग्लिश, तिला ६१, तिलाही "मोर क्रिटिकल इव्हॅल्युएशन" लिहून आलं. तुम्हीच म्हणताय ना की हा इंग्रजीचा कोर्सच नाही, लिहायला शिकवायचा आहे? मग जे त्या दोघांनाही येत नव्हतं त्याचे पैसे एकट्या माझ्याकडून का घेतले? त्या मुलीच्या वडिलांनी का नाही पावणेसात लाख दिले?

मिरजेची सिस्टर
हे मात्र बिनतोड आहे ताई.

चष्मिश मास्तरीण
दोनदा लिहून खोडलं. याला माझ्याकडे उत्तर नाही. टर्म सुरू झाल्यावर इन-सेशनलचे वर्ग असतात, ते बहुतेक ठिकाणी फुकट असतात, आणि तिथे मुळात त्या इंग्लिश मुलीनेही बसायला हवं. ती येत नाही कारण दारावर पाटी 'इंग्लिश फॉर इंटरनॅशनल स्टुडंट्स' अशी असते. मी दोन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये पाटी बदला म्हणाले होते, मिनिट्समध्ये आलं, पाटी तीच.

तरी एक विचारते, खरं सांगा. दुसरी असाइनमेंट?

खर्चात पडलेला
६४. पण ते तुमच्या कोर्समुळे असं मी लिहून देणार नाही. हां, ती मॅट्रिक्स, आडवे पेपर उभे मुद्दे असा तक्ता करायला लावला होता सहाव्या आठवड्यात, तो वापरला. तो चांगला होता. साडेचार हजार पाउंडांचा नव्हता.

आता १५००० शब्दांचं डेझर्टेशन आहे सप्टेंबरमध्ये आणि सुपरवायझर तीन मेलमागे एक उत्तर देतो.

चष्मिश मास्तरीण
लिट रिव्ह्यू पाठवा मला, या आठवड्यात वेळ आहे. फुकट. यंदाही नंबर कमी आहेत म्हणाले.

खर्चात पडलेला
अरे. सॉरी, हे माहीत नव्हतं. रविवारी पाठवतो.

कर्वे रोड
माळ्यावरची काच सापडली बरं का. कोणाला हवी असेल तर घेऊन जा, डेक्कनला राहतो. लॅम्प तुमचा आणा.