जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह एसयूव्हीला लिफ्ट बसवावी का?

कच्चा_रस्ता:
माझी एसयूव्ही १८ वर्षांची, रिअर-व्हील-ड्राइव्ह. कच्च्या रस्त्यावर मधल्या उंचवट्याला पोट टेकतं. सस्पेन्शन उंच करून गाडी वर उचलणारी २ इंचांची लिफ्ट बसवायची म्हणतोय. ‘फोर-बाय-फोर नाही तर लिफ्ट कशाला?’ असं जो-तो विचारतो, मला ते पटत नाही. माझी गाडी रुतत नाही, घासते. आणि पुढच्या चाकांना ड्राइव्ह शाफ्टच नाहीत, म्हणजे सीव्ही जॉइंट (त्या शाफ्टचे वळणारे सांधे) तिरके होण्याची भानगडही नाही.

जुना_पाना:
सीव्ही जॉइंटचं बरोबर. पण लिफ्टने चासी वर जाते, मागचं हाउसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलचं कवच) नाही. त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा आज जिथे आपटतो तिथेच आपटणार. तो वर न्यायला मोठे टायर लागतात, तेही व्यास २ इंच वाढवला तर गोळा १ इंचच उचलला जातो. वर गिअरिंग जड होतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. त्यापेक्षा तोच खर्च लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलवर करा, एक चाक घसरलं तरी ते दुसऱ्याला ताकद देतं.

कच्चा_रस्ता:
गोळा लागतच नाही हो! पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग टेकतो. लिमिटेड-स्लिप त्याला काय करणार?

उतारावरची:
माझा विरोध ब्रेकमुळे आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी हाउसिंगला जोडलेली असते. मागची बाजू उचलली की व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागचा दाब कमी करतो. माणसं-सामान भरून घाट उतरताना हे कळणं फार वाईट. दांडीचं ब्रॅकेट तेवढंच सरकवायला हवं. चाकं लोंबती सोडून ब्रेकचे होज ताणत नाहीत ना, तेही बघा. गुरुत्वमध्य वर जातो ते वेगळंच, वळणावर गाडी जास्त कलते.

जुना_पाना:
व्हॉल्व्हचं माझ्या ध्यानात नव्हतं. आणखी एक: पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पीळ घेणाऱ्या दांड्या) असतील तर नुसते पिळून उंची वाढवू नका. चाक खाली जायची जागा संपते आणि प्रत्येक खड्ड्यात दणका बसतो.

उतारावरची:
मुळात गाडी बसलीय का, ते मोजलंत का? चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि मूळ मापाशी ताडून पाहा. इतक्या वर्षांत स्प्रिंग दबतातच. मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंग आणि बुश (सांध्यांतले रबर) टाकून काम भागेल.

कच्चा_रस्ता:
मोजलं नव्हतं, आत्ता मोजून आलो. मागे सव्वा इंच कमी, पुढे जेमतेम अर्धा. म्हणजे मागे आधी नव्या स्प्रिंग. तरी टेकली तर लिफ्ट बसवणारच, व्हॉल्व्हचं ब्रॅकेट सरकवून आणि चाकांचं अलाइनमेंट करून.