तेरा अंड्यांतून पाचच पिल्लं: खुडूक बसवताना काय चुकलं?

परसदार_बार्शी
एप्रिलमध्ये गावठी खुडूक (अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी) 13 अंड्यांवर बसवली. 21 ते 23व्या दिवसापर्यंत पाच पिल्लं निघाली. उरलेल्यांपैकी चारांत नुसता पातळ बलक, दोन नासकी, आणि दोन अंड्यांना आतून भोक पडलेलं, पण पिल्लू आतच मेलेलं. अंडी जमवायला 18 दिवस लागले, ती स्वयंपाकघरात टोपलीत होती. घाण लागलेली धुऊन घेतली. घरचा कोंबडा नाही, शेजारचा येतो. खुराड्यात आणखी दोन कोंबड्या अंडी घालतात.

खुराडं_आणि_डालगं
उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. बसवायचं अंडं सात दिवसांच्या आतलं हवं. उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांचंच घ्या. साधारण 21 अंशांच्या वर अंड्यात वाढ हळूहळू सुरू होते, आणि पुरेशी ऊब न मिळाल्याने जीव तिथेच मरतो. एप्रिलमधल्या स्वयंपाकघरात 18 दिवस म्हणजे पाच निघाली हेच नशीब.

बसवेपर्यंत अंडी साठवायला पसरट मडकं ओल्या वाळूत अर्धं पुरा, आत कोरडा भुसा घाला, अंड्याचं निमुळतं टोक खाली ठेवा, वरून सुती कापड. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथली थंडी जास्त होते.

धुणं तर नकोच. टरफलावरचा पातळ थर निघून जातो आणि जंतू आत शिरतात. दोन नासक्या अंड्यांचं कारण बहुधा तेच. सुकलेली घाण कोरड्या फडक्याने पुसा, फार माखलेलं अंडं खायला काढा.

नितळ निघालेली चार अंडी फळलेली नसावीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, पण तो रोज सोबत हवा. पाहुणा कोंबडा भरवशाचा नाही.

रानमाळ
भोक पाडून मेलेली दोन कोरड्या हवेची असू शकतात. आतली पातळ कातडी वाळून पिल्लाला चिकटते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हे होतंच. कोंबडी बसवायच्या पाटीत तळाला चार बोटं ओलसर माती, तिला वाटीसारखा खोलगट आकार, वर भाताचा पेंढा. 18व्या दिवसापासून पाटीभोवतीच्या जमिनीवर पाणी शिंपडा.

खुराडं_आणि_डालगं
जमिनीवर ठीक, अंड्यांवर मात्र नको. आणि कोकणात पावसाळ्यात ओली माती घालू नका, पेंढ्याला बुरशी येते. तिथे तळाला कोरडी राख.

पिसवा_वैरी
जागेचं कोणी बोललं नाही. बाकीच्या कोंबड्या त्याच घरट्यात अंडी घालत असतील तर ताजं अंडं मागून मिसळतं आणि ते 21व्या दिवशी निघणार नाही. शिवाय ढकलाढकलीत अंडी गार पडतात. खुडूक वेगळी करा, हलवायची तर रात्रीच, आणि मूळ अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा. गावठीला 10 अंडी पुरे. गिरिराज या सुधारित जातीची मोठी असतील तर आठच. पंखाबाहेर राहिलेलं अंडं गारच राहतं.

बसवण्याआधी तिच्या पंखांखाली आणि गुदाभोवती पिसं फुंकून उवा बघा. उवा-पिसवांनी बेजार झालेली कोंबडी सारखी उठते. राखेत लोळू द्या. रोज एकदा 15-20 मिनिटं ती उठेल, तेव्हा दाणा-पाणी समोर हवं, म्हणजे लांब भटकत नाही. घरट्यात लोखंडी खिळा ठेवायची पद्धत पाळायची तर पाळा, अपाय नाही आणि उपायही नाही.

परसदार_बार्शी
फळलेलं अंडं आधी कसं ओळखायचं? कोंबडी उठवली तर चिडेल ना?

रानमाळ
सातव्या दिवशी अंधार पडल्यावर, मोबाईलची टॉर्च रुंद टोकाला लावा. मधे ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत. आरपार नितळ तर फळलेलं नाही. नुसतं लाल कडं दिसलं तर वाढ सुरू होऊन थांबलेली. पांढऱ्या टरफलाचं पटकन कळतं, तपकिरीला जरा वेळ लागतो. पंखाखालून एकेक अंडं काढा. ती चोच मारेल, पण उठणार नाही. 14व्या दिवशी पुन्हा बघा, 18व्यानंतर हात लावू नका. टरफल फोडत असलेल्या पिल्लालाही मदत नको, शिरा फाटून रक्त येतं.

पिल्लं निघाली की पहिला दिवस पोटातल्या बलकावरच निभावतो. मग उथळ थाळीत खडे टाकून पाणी, आणि बारीक कणी किंवा मक्याची भरड. मानमोडी (राणीखेत) रोगासाठी सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात. लस विरघळवल्यावर बर्फातच ठेवा आणि दोन तासांत संपवा. एक कुपी बहुधा शंभर किंवा जास्त पिल्लांची असते, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांची पिल्लं एकाच दिवशी गोळा करा.