दसऱ्याची गाडी आणि जाहिरातीतली चांदणी
(लातूर, आमच्या सोसायटीचा ग्रुप)

पवार (बी ३०४): 📷 आजच्या पेपरातली जाहिरात. गाडी फक्त ५.९९ लाखात, १ लाखापर्यंत फायदा, व्याज फक्त ७ टक्के. पप्पा दसऱ्याला घ्यायची म्हणायलेत. ह्या शोरूमला कुणी गेलंय का?

जोशी काकू (ए १०२): अभिनंदन रे! रंग कोणता घेणार?

कुलकर्णी काका (ए २०१): अभिनंदन नंतर. आधी बुकिंगचे पैसे भरलेस का ते सांग.

पवार: नाही काका. उद्या ११ हजार भरणार होतो.

कुलकर्णी काका: मग थांब जरा. फोटो मोठा करून बघ. ५.९९ वर चांदणी (*) आहे, आणि तिचा खुलासा तळाला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात. तो एक्स-शोरूम भाव आहे, तोही सगळ्यात खालच्या मॉडेलचा. आपल्याकडं १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ६६ हजार तिथंच वाढले. इन्शुरन्स आणि आरटीओचा खर्च आणखी वेगळा.

आणि 'पर्यंत' हा शब्द वाच. एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सूट, लॉयल्टी, रोख सूट असं सगळं मिळून तो १ लाख होतो. तुमच्याकडं बदलायला जुनी गाडीच नाही. तुझ्या वाट्याला त्यातलं किती येणार, ते लिहून माग.

पवार: पण व्याज तर बँकेपेक्षा कमी आहे ना? ७ च टक्के.

कुलकर्णी काका: हेच माझं दुखणं आहे. मी २२ वर्षं कर्ज खात्यात काढली, किती शिकलेली माणसं इथं फसताना पाहिली. ते ७ टक्के फ्लॅट आहेत. ६ लाख, ५ वर्षं. व्याज २ लाख १० हजार, हप्ता १३,५००. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ६ लाखांवर लावलेलं. घटत्या शिलकेवर हेच व्याज साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातं. बँकेनं ९ टक्के रिड्यूसिंगनं, म्हणजे घटत्या शिलकेवर दिलं तर हप्ता १२,४५५ च्या जवळ, आणि ५ वर्षांत ६२ हजारांच्या वर वाचतात.

कर्ज देणाऱ्याकडं 'केएफएस' माग, म्हणजे की फॅक्ट्स स्टेटमेंट, कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचं केलंय. सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहावा लागतो, तोही तुला समजेल अशा भाषेत.

शिंदे ताई (सी ४०१): माझंही लिहिते. गेल्या धनत्रयोदशीला आम्ही 'फेस्टिव्ह ऑफर' म्हणून गाडी घेतली. आरसी बुक हातात आलं तेव्हा कळलं, गाडी ११ महिन्यांपूर्वी बनलेली. शोरूमवाल्याला विचारलं तर म्हणे, म्हणून तर एवढी सूट दिली. आधी सांगितलं असतं तर आमचं आम्ही ठरवलं असतं. पैसे भरायच्या आधी चेसिस नंबर आणि बनल्याचा महिना-वर्ष लेखी घ्या, फॉर्म २२ (गाडी बनवणाऱ्या कंपनीचा दाखला) बघा. लई मनस्ताप झाला आम्हाला.

देशमुख सर (बी १०१): सगळेच शोरूमवाले वाईट नसतात. मला चांगला अनुभव आला. फक्त इन्शुरन्स बाहेरून घेतो म्हटल्यावर 'मग कॅशलेस मिळणार नाही' म्हणाले. मी विमा कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं, त्याच गॅरेजात कॅशलेस होतं. विमा कुणाचा घ्यायचा हे आपणच ठरवायचं.

मुंडे (सी २०२): कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' लावलेत का तेही बघ. आम्ही ती ओळ काढा म्हणालो, काढली.

पवार: जाहिरातीबद्दल तक्रार करता येते का पण? छापून आलंय म्हणजे परवानगी असंल असं वाटलं मला.

कुलकर्णी काका: छापण्याआधी कुणी तपासत नाही रे. पण कायदा आहे. २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा. तुझ्या फोटोत दावा मराठी, अटी इंग्रजी. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदव. ते पान फाडून ठेव, फोटो डिलीट करू नकोस.

शिंदे ताई: काका, आमची गाडी पुण्यातून आणलेली. तक्रारीला पुण्याला जावं लागंल का?

कुलकर्णी काका: नाही. राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे इथंच लातूरला. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वरच्याला थोडी आहे. उद्या संध्याकाळी कागद घेऊन ये, बघू.

पवार: पप्पांना वाचून दाखवलं. दसरा गेला तरी चालंल, दिवाळी पाडव्याला बघू म्हणायलेत. काका, शनिवारी शोरूमला येताल का सोबत?

कुलकर्णी काका: येतो. आधी लेटरहेडवर ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स सगळं धरून कोटेशन घे, एकेक रकमेची वेगळी ओळ पाहिजे. ते इथं टाक. अकराला खाली थांब.