मदत हवी आहे: आंतर्देशीय पत्रांवरची जुनी सेलोटेप कशी काढावी?

मावशीने आईला १९७८ ते १९९१ या काळात लिहिलेली साठेक आंतर्देशीय पत्रं माझ्याकडे आहेत. घड्यांवर फाटली म्हणून पूर्वी कुणीतरी सेलोटेप लावली. ती आता पिवळी, कडक झालीय आणि तिचा चिकटा कागदात मुरलाय. नेमकी तिच्याखालीच मावशीची सगळ्यात गोड वाक्यं आहेत. जागा संपली की ती समासात उभं, बारीक लिहायची: 'ता. क. पापड वाळले, कुणाबरोबर तरी पाठवते.' हे शब्द गेले तर फार जिवाला लागेल.

शाई निळी, फाउंटन पेनची. पाण्याने फुटते, एका कोपऱ्यावर पाहिलं. हेअर ड्रायरच्या कोमट हवेने एका पत्रावरची पट्टी सुटली, पण चिकटा तसाच राहिला. खोडरबर लावलं तर कागदाचा थर निघू लागला, म्हणून थांबले. बाकीच्यांना हात लावलेला नाही.

स्कॅन करून झालीत. लॅमिनेशन नको, मावशीला मूळ पत्रंच हातात घेऊन वाचायची आहेत.

शाईला धक्का न लावता हा चिकटा घरी काढता येतो का, की पट्ट्या आहेत तशाच ठेवणं बरं? मी सांगलीत असते. कोल्हापूर-पुणे भागात जुने कागद दुरुस्त करून देणारं कुणी माहीत आहे का?