बी-३०३ ची गिटार

बी-३०४ काकू: सेक्रेटरी साहेब, काल रात्री पावणेबारापर्यंत पुन्हा तेच. कुंई कुंई. मांजर दारात चिमटल्यासारखं. ह्यांना सकाळी ६ ची लोकल असते. मागच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं ना?

सेक्रेटरी: बघतो काकू. ओंकार, १० नंतर वाद्य बंद, मिनिट्समध्ये आहे.

ए-१०२: टाकी धुण्याचं काय झालं? पाण्याला वास येतोय.

ओंकार: सॉरी काकू. पावणेबारा नव्हते, साडेदहा. आणि ती स्लाइड आहे. बोटात काचेची नळी घालून तारेवरून सरकवतात. रॉबर्ट जॉन्सन, जुना अमेरिकन गिटारवाला, वाजवायचा तशी.

बी-३०४ काकू: नळी कसली, होमिओपॅथीची बाटली आहे. माझ्याकडूनच नेलीस.

सी-४०१: फॉरवर्डेड 🙏 या अमेरिकन गिटारवाल्याने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला व २७ व्या वर्षी मेला!! पालकांनो सावध व्हा!!

ए-५०२: चौरस्ता म्हणजे आपला डेअरीसमोरचा? तिथे दर अमावास्येला लिंबू-मिरची पडलेली असतेच 😂

सी-२०३ सर: ही कथा मूळची त्याची नव्हेच. टॉमी जॉन्सन नावाचा दुसरा मिसिसिपीवाला, त्याच्याबद्दल त्याचा भाऊ हे सांगायचा. आडनाव सारखं, म्हणून याला चिकटली. खरं ते सन हाउस नावाचा तिथलाच वादक सांगून गेलाय. रॉबिन्सनव्हिलला तो आणि विली ब्राउन वाजवत. विश्रांतीला उठले की पोरसवदा रॉबर्ट त्यांची गिटार उचलायचा. माउथ ऑर्गन बरा वाजवायचा, पण गिटारवर नुसता गोंगाट. लोक म्हणायचे, त्या पोराच्या हातातली गिटार काढून घ्या, डोकं उठवलंय.

बी-३०४ काकू: बघा. तिथेही शेजारी होतेच.

ओंकार: सर पुढचं पण सांगा ना 🙏

ए-१०२: टाकी??

सी-२०३ सर: मग तो हेझलहर्स्टकडे गेला, जन्मगावी. तिथे आइक झिमरमन नावाचा वादक भेटला. दोघे रात्री कब्रस्तानात थडग्यांवर बसून सराव करत. झिमरमनची मुलगी सांगायची, तिथे निवांत असायचं. परत आला तेव्हा सन हाउस ऐकतच राहिला. सैतान वगैरे काही नाही, रियाज.

ए-५०२: ओंकार, वैकुंठ रात्रभर उघडं असतं रे 😂

ओंकारची आई: ५०२, मुलाला स्मशानात पाठवायच्या गोष्टी नकोत. गणपतीआधी दोन महिने तुमच्या पथकाचे ढोल बडवले जातात, तेव्हा आम्ही ग्रुपवर आलो होतो?

ए-५०२: ताई, ते धार्मिक आहे.

ओंकारची आई: आणि ३०४ चा मिक्सर? पहाटे पाचला?

बी-३०४ काकू: हा मेसेज डिलीट करण्यात आला.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, वैयक्तिक नको. काकू, डिलीट कशाला केलंत, वाचलं सगळ्यांनी.

सी-४०१: पण २७ व्या वर्षी मेलाच ना? सैतान नाही तर कोण?

ओंकार: काका, १६ ऑगस्ट १९३८, ग्रीनवुडजवळ. दारूत विष घातलं असं बोलतात. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी फक्त ‘डॉक्टर नाही’. रेकॉर्डिंग दोनदाच, १९३६ ला सॅन अँटोनिओत हॉटेलच्या खोलीत, १९३७ ला डॅलसला. एकूण २९ गाणी. १९३८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमाला आयोजक जॉन हॅमंडला तो हवा होता, पण तोवर हा गेलेला. मग स्टेजवर त्याच्या तबकड्या वाजवल्या.

बी-३०४ काकू: अरेरे. आई होती का त्याची?

सी-२०३ सर: होती. ज्यूलिया नाव.

सी-४०१: फॉरवर्डेड 🙏 या अमेरिकन गिटारवाल्याने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा

ए-५०२: काका, हेच सकाळी पण टाकलंत.

बी-३०४ काकू: ओंकार, माझी ना नाही. साडेनऊपर्यंत वाजव. नाहीतर गच्चीवर जा, तिथे खुशाल वाजव.

ए-१०२: गच्चीवर जाणारच असलास तर टाकीत डोकावून ये.

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली वॉचमनकडे. १० नंतर मिळणार नाही.

ओंकार: १०२ काका, आलो बघून. झाकणच नाहीये. आत एक चप्पल आहे.