वडिलांच्या घराचं हक्कसोडपत्र नोटरी करून चालतं का? (सोलापूर)

पद्मजा_पूर्वभाग

नमस्कार. माहेरचं घर भवानी पेठेत आहे. मिळकत पत्रिकेवर अजून बाबांचंच नाव आहे. बाबा मागच्या वर्षी गेले. यंत्रमाग कारखान्यात कामाला होते, जागा स्वतःच्या कमाईतून घेतलेली, मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, अण्णा, मी आणि थोरली अक्का. अक्काला करीमनगरला दिलंय.

अण्णाला कर्ज काढून वर एक मजला चढवायचाय. बँक म्हणायलीय, आधी तुमचं नाव लावून आणा. एका एजंटाने ५०० च्या बाँडवर हक्कसोडपत्र टाईप करून आणलंय. नोटरी केलं की झालं, रजिस्टर ऑफिसला जायचं कारण नाही असं त्याचं म्हणणं. अक्कानेही यायची गरज नाही म्हणे, आधारची झेरॉक्स आणि फोटो पाठवला की सहीचं तो बघून घेतो.

आम्ही दोघी बहिणी हक्क सोडायला तयार आहोत, त्यात काही वाद नाही. आईबाबांचं सगळं अण्णानेच केलंय. पण अक्काच्या नावापुढे दुसऱ्याच कुणाची तरी सही, हे काही मनाला पटेना. शिवाय आईचं नाव आधारवर लक्ष्मीबाई आणि रेशनकार्डावर लक्ष्मम्मा आहे, तिचा शाळेचा दाखला तेलुगूत आहे. खालची एक खोली भाड्याने दिलीय, तो करारही नोटरीचाच. नोटरीकडे नेमकं काय काय होतं आणि काय होत नाही, कुणी नीट सांगेल का? सोमवारी सह्या करायच्या म्हणतायत.

जुळे_सोलापूरकर

आम्ही प्लॉटचं नोटरीवरच केलं होतं. इतकी वर्षं झाली, कुणी काही विचारलं नाही. घरातल्या घरात आहे तर करून टाका की.

टंकलेखक_काका

पद्मजाताई, सोमवारी सही करू नका.

मी कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून दस्त टाईप करतो. आधी मशीनवर करायचो, आता कॉम्प्युटरवर. प्रतिज्ञापत्र, कुलमुखत्यारपत्र, साठेखत, हक्कसोडपत्र, सगळं हातून जातं. गोल शिक्का बसला की कागद पक्का झाला असं धरून माणसं निर्धास्त घरी जातात, हे रोज बघतो आणि जीव तुटतो.

नोटरी म्हणजे १९५२ च्या नोटरी कायद्याखाली केंद्र किंवा राज्य सरकारने नेमलेला वकील. समोर बसलेला माणूस तोच आहे का, हे त्याने बघायचं, त्या माणसाने आपल्यासमोर सही केली की तसं प्रमाणित करायचं. शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घ्यायचं. मूळ कागद हातात घेऊन, पडताळून खरी प्रत द्यायची. एका भाषेतला कागद दुसऱ्या भाषेत आणायचा किंवा केलेलं भाषांतर तपासून प्रमाणित करायचं. न वटलेल्या हुंडीची, वचनचिठ्ठीची नोंद घेणंही त्याच कायद्यात आहे. ही कामं मोठी आहेत, चांगला नोटरी ती जबाबदारीने करतो. पण घराचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे नेणं यात कुठेही बसत नाही.

ते काम दुय्यम निबंधकाचं, म्हणजे तुम्ही म्हणता त्या रजिस्टर ऑफिसचं. नोंदणी कायदा १९०८, कलम १७ वाचा. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क निर्माण करणारा, देणारा किंवा सोडणारा दस्त नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर कलम ४९ प्रमाणे त्या दस्ताने मिळकतीवर काहीच परिणाम होत नाही. जुळे सोलापूरकर दादा, तुमचं "कुणी विचारलं नाही" हे खरं असेल. प्लॉट विकायला किंवा तारण ठेवायला काढाल त्या दिवशी विचारतील. तोवर सह्या करणारी माणसं हयात आहेत, बोलणंचालणं आहे, तर आताच दस्त रीतसर नोंदवून घ्या.

ताई, तुमच्या बाबतीत तर बँकेचा वकील सर्च घेणार, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासणार. नोटरीचं हक्कसोडपत्र त्याच्या हातात गेलं की तो फाईल परत पाठवणार. ज्या कर्जासाठी ही धावपळ चाललीय, तेच अडणार. खर्च वाचतो हे एजंटाचं बोलणं मनावर घेऊ नका. नात्यातल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक कायद्यात वेगळी तरतूद आहे. तुमच्या दस्ताला किती मुद्रांक बसतो ते मसुदा घेऊन आधी निबंधक कार्यालयातच विचारा.

आता अक्कांचं. "सहीचं बघून घेतो" म्हणजे सरळ खोटी सही. त्यात एजंट तर अडकेलच, पण उद्या चौकशी झाली तर त्या कागदाचा फायदा घेणारा म्हणून अण्णाही त्यात ओढला जाईल. नोटरीकडे नोंदवही असते. प्रत्येक कागदाचा अनुक्रमांक, तारीख आणि सही करणाऱ्याची सही तिच्यात घ्यावी लागते. तोच क्रमांक तुमच्या कागदावर टाकतात. कधी शंका आली तर कागदावरचा क्रमांक घेऊन त्या नोंदवहीशी ताडून बघा. नोटरीच्या दराचा फलक आतबाहेर लावलेला असावा लागतो आणि फीची पावती द्यावी लागते, तीही मागून घ्या. शिक्क्यावर नाव, नोंदणी क्रमांक, कार्यक्षेत्र असतं. परवाना पाच वर्षांचा असतो, मुदत संपलीय का तेही बघा.

अक्कांना येणं जमतच नसेल तर त्यांनी करीमनगरलाच मुखत्यारपत्र करावं, पण नोटरीकडे नाही. नोंदणी कायद्याचं कलम ३३ इथे लागतं. दस्त नोंदणीला हजर करण्यासाठीचं मुखत्यारपत्र, देणारा भारतात राहत असेल तर, तो राहतो त्या जिल्ह्यातल्या निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोरच झालेलं आणि त्याने प्रमाणित केलेलं लागतं. माणूस दुबईला असता तर तिथला नोटरी किंवा आपला वकिलातीतला अधिकारी चालला असता. देशातल्या देशात मात्र नाही. भले भले इथे चुकतात आणि परगावहून आलेला माणूस कार्यालयाच्या दारातून परत जातो.

एक विचारतो, राग मानू नका. मसुद्यात "लिहून देणार" म्हणून, म्हणजे हक्क सोडणारे म्हणून, कुणाकुणाची नावं आहेत? आईचं नाव त्यात आहे का, एवढं बघून सांगा.

किरायदार_एमआयडीसी

खोलीबद्दल मी सांगतो, मी स्वतः अक्कलकोट रोडला भाड्याने राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाड्याचा किंवा लिव्ह-लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरतात, उलटं सिद्ध करायचं काम मालकावर येतं. ऑनलाईन होतो, आधार आणि अंगठा लागतो, माझा घरी बसूनच झाला.

पद्मजा_पूर्वभाग

काका, आत्ताच अण्णाकडून मसुद्याचा फोटो मागवला. लिहून देणारांत आईचं नाव पहिलंच आहे. आईला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिला घरात एवढंच सांगितलंय की "बँकेच्या कागदावर सही आहे". गुडघ्यांमुळे ती जिना उतरत नाही, म्हणून एजंट म्हणाला की शिक्का मारून कागद घरीच आणून देतो, ती नंतर अंगठा देईल.

टंकलेखक_काका

हेच होतं, म्हणून विचारलं. ताई, हा भाग नीट वाचा आणि अण्णालाही वाचून दाखवा. त्याच्या मनात वाईट असेल असं मी म्हणत नाही.

बाबांची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे बायको आणि मुलं-मुली यांचा सारखा हिस्सा. आई, अण्णा, तुम्ही, अक्का, प्रत्येकी चौथाई. तुम्ही दोघींनी अण्णासाठी सोडलं तर त्याचा पाऊण होतो, आईची चौथाई राहते. आईनेही सोडलं तर त्या घरात आईच्या नावावर एक वीटही राहत नाही. असल्या दस्तात शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: "यापुढे सदर मिळकतीत माझा अगर माझ्या वारसांचा कोणत्याही प्रकारचा हक्क व हितसंबंध राहिलेला नाही." तुमच्याही मसुद्यात असेल. आज ते वाक्य आईला तेलुगूत वाचून दाखवा. बँकेच्या कागदावर सही करणं आणि या वाक्याखाली अंगठा देणं यातला फरक तिला लगेच कळेल. आईचा हिस्सा आईच्या हयातीत आईकडेच राहू द्या, हे माझं ठाम मत आहे. कर्जाला तिने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही दिली तर चालेल का, हे बँकेत विचारा.

आपल्याकडे पूर्व भागातल्या कितीतरी बायका तेलुगू वाचतात, मराठी नाही. अक्कलकोटकडच्या कन्नड वाचतात. माझ्या टेबलावर अशी माऊली आली की मी दस्ताच्या शेवटी एक ओळ घालतो: "सदर मजकूर मला तेलुगू भाषेत वाचून समजावून सांगितला, तो मला समजला व मान्य आहे." खाली समजावून सांगणाऱ्याचं नाव, पत्ता, सही. आणि ती ओळ टाईप करायच्या आधी खरंच वाचून घ्यायला लावतो. माझं तेलुगू बेताचं, म्हणून त्यांच्याच घरातली लेक किंवा सून बसवतो, पण हिस्सा जिच्या नावावर जाणार असेल तिला नाही. तुम्हीही कुठल्याही कागदाला ही ओळ मागा, नोटरीचा असो की निबंधकाचा.

आधी शिक्का, मग अंगठा, हे तर चालणारच नाही. आईची सही एखाद्या नोंदणीच्या दस्तावर खरोखर लागलीच, तर तिला जिना उतरवायची गरज नाही. नोंदणी कायद्याच्या कलम ३१ आणि ३८ मध्ये आजारी, अशक्त माणसाच्या घरी जाऊन दस्त पूर्ण करायची सोय आहे. अर्ज करावा लागतो, त्याची फी असते.

नावाचा घोळ आणि शाळेचा दाखला, हे मात्र खुशाल नोटरीकडे न्या. लक्ष्मीबाई आणि लक्ष्मम्मा एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. दोन्ही नावं दोन्ही कार्डांवर जशी छापलीत तशीच त्यात येऊ द्या, वेलांटीही बदलू नका. दाखल्याचं मराठी भाषांतर करून प्रमाणित करून घ्या, सोबत मूळ दाखला न्या. नोटरीला सांगितलं तर काही जण घरी येऊन आईची सही घेतात. मात्र या प्रतिज्ञापत्राने नाव बदलत नाही. पुढे सगळीकडे एकच नाव हवं असेल तर राजपत्रात द्यावं लागेल.

आणि बाँडसाठी पैसे घालवू नका. शासकीय कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला १ जुलै २००४ च्या आदेशाने मुद्रांक शुल्क माफ आहे. १०० चा बाँड ५०० झाल्यापासून उत्पन्नाच्या, जातीच्या दाखल्याला आलेल्या पोरांकडूनही ५०० काढायला लावतात. शिकणाऱ्या पोरांचे पैसे आहेत ते. साध्या कागदावर होतं, हे शेजारीपाजारीही सांगा.

पद्मजा_पूर्वभाग

काका, काल रात्री आईला मी वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "इल्लु नादि कूडा." (घर माझंही आहे.) अण्णा तिथेच होता. आईचा हिस्सा यात जातोय हे एजंटाने त्यालाही सांगितलं नव्हतं. त्याने त्याच वेळी फोन करून सोमवारचं रद्द केलं. अक्का दोन दिवसांसाठी सोलापूरला येतेय, म्हणजे मुखत्यारपत्राचा प्रश्न नाही. आता पहिलं काय करायचं?

टंकलेखक_काका

चांगलं झालं. पहिलं नगर भूमापन कार्यालयात बाबांच्या मृत्यू दाखल्यासह वारस नोंदीचा अर्ज द्या. पत्रिकेवर चौघांचीही नावं येऊ द्या. त्याच्या मागोमाग तुम्हा दोघींचं हक्कसोडपत्र निबंधक कार्यालयात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी डेटा एन्ट्री करून वेळ घेता येते. अक्कांना मूळ आधार, पॅन आणि फोटो आणायला सांगा, झेरॉक्सवर भागत नाही. ओळख पटवायला दोन माणसं लागतील, ती तुम्हा बहिणींना ओळखणारी हवीत. एजंटाने आणलेली घेऊ नका. तो जुना मसुदा त्याच्याकडून परत घ्या, त्यावर कुणाची एकही सही झाली असेल तर आधी मला इथे कळवा.